पीएचपीमध्ये रिडायरेक्ट केल्यावरही कोड पुढे चालत राहतो. मग कंट्रोल थांबवावा कशाने?

अर्धविराम

नमस्कार. एका जुन्या पीएचपी प्रकल्पाचा कोड तपासण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. त्यातील प्रशासन विभागाच्या बहुतेक पानांची सुरुवात एकाच पद्धतीची आहे: सेशनमध्ये वापरकर्त्याचा क्रमांक नसेल, तर 'हेडर' फंक्शन वापरून लॉगिनच्या पानाचे 'लोकेशन' पाठवायचे, म्हणजे ब्राउझरला तिकडे वळवायचे (रिडायरेक्ट), आणि इफचा कंस बंद करायचा. त्याच्या खाली लगेच नोंद काढून टाकणारी क्वेरी आहे. ब्राउझरमध्ये तपासले तर सगळे सुरळीत दिसते, कारण लॉगिन न केलेला माणूस मुकाट्याने लॉगिनच्या पानावर जाऊन पोहोचतो. तीच विनंती कर्लने (ब्राउझरशिवाय विनंती पाठवणाऱ्या साधनाने) पाठवली, की ३०२ च्या, म्हणजे रिडायरेक्टच्या, उत्तरासोबत संपूर्ण पानाचे एचटीएमएल हाती येते आणि तोवर नोंद डेटाबेसमधून गेलेलीही असते.

हेडरच्या खाली 'एक्झिट' लिहावे लागते, हे मला माहीत आहे. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. आमच्या गटात यावरून दोन तट पडले आहेत. काहींच्या मते प्रत्येक रिडायरेक्टखाली डोळे मिटून एक्झिट लिहावे. इतरांच्या मते एक्झिट हा शब्द कोडमध्ये दिसताच कामा नये. रिटर्न करावे किंवा एक्सेप्शन (बोलावणाऱ्या कोडने पकडायचा अडचणीचा संदेश) फेकावे. माझा कल पहिल्या मताकडे आहे, कारण या प्रकल्पात फ्रेमवर्क नाही आणि पाने शेकड्यांनी आहेत. पीएचपीत कंट्रोल, म्हणजे कोड चालण्याचा क्रम, थांबवणारे किंवा वळवणारे शब्द पुष्कळ आहेत: रिटर्न, ब्रेक, कंटिन्यू, थ्रो, एक्झिट, डाय. कोणता शब्द कुठे वापरावा, याविषयी आपले अनुभव आणि मते वाचायला आवडतील.

काठावरचा

डाय आणि एक्झिट हे एकाच गोष्टीचे दोन उच्चार आहेत, त्यामुळे तुमची यादी एकाने कमी झाली.

निरंतर_शिकाऊ

माझी शंका अगदी प्राथमिक आहे, म्हणून आधीच विचारून घेतो. हेडर गेले म्हणजे ब्राउझर दुसऱ्या पानाकडे वळला. मग सर्व्हरवरचा उरलेला कोड कोणासाठी चालत असतो?

वाटाड्या

@निरंतर_शिकाऊ, शंका प्राथमिक असली तरी धाग्याचे मूळ तिच्यातच आहे. 'हेडर गेले' असे आपण म्हणतो, पण त्या ओळीवर बहुधा काहीच गेलेले नसते. हेडर हे चारचौघांसारखे एक फंक्शन आहे. पाठवायच्या हेडरांच्या यादीत ते एका ओळीची भर घालते, नाव 'लोकेशन' असेल तर स्थितीचा क्रमांक ३०२ करते (आधीच २०१ किंवा ३०० च्या मालिकेतला दुसरा क्रमांक दिलेला नसेल तर) आणि परत येते. फंक्शन परत आले की पुढची ओळ चालणार, हा पीएचपीचा साधा नियम आहे आणि रिडायरेक्टसाठी त्याला कोणताही अपवाद केलेला नाही. ती यादी प्रत्यक्षात बाहेर पडते ती पहिले आउटपुट निघते तेव्हा किंवा स्क्रिप्ट संपते तेव्हा.

ब्राउझर निघून गेला असे धरले, तरी पीएचपीला ते लगेच कळत नाही. समोरच्याने जोडणी तोडली आहे हे आउटपुट पाठवण्याचा प्रयत्न होईल तेव्हाच लक्षात येते, आणि 'इग्नोर_यूजर_अबॉर्ट' बंद असेल तर स्क्रिप्ट तिथे थांबते. नोंद काढणारी क्वेरी काहीही छापत नाही, त्यामुळे ती निर्वेधपणे पार पडते.

हा दोष इतका प्रचलित आहे की सुरक्षा-दोषांच्या सीडब्ल्यूई यादीत त्याला स्वतंत्र क्रमांक आहे, ६९८: रिडायरेक्टनंतर चालू राहणारा कोड.

मूषकवाहन

म्हणजे 'बरं, निघतो आता' असे म्हणून दारातच तासभर गप्पा मारणारा पाहुणा आणि हे हेडर सख्खे भाऊ म्हणायचे.

सप्रेम_विरोध

मूळ प्रश्नाकडे येतो. मी दुसऱ्या तटातला आहे आणि त्याची कारणे सांगतो. एक्झिट हा शब्द फंक्शनमधून बाहेर पडत नाही, फाइलमधून बाहेर पडत नाही, तर संपूर्ण विनंतीच गुंडाळतो. ज्या फंक्शनच्या पोटात एक्झिट आहे, त्याला बोलावणाऱ्या कोडला आपण परत येणार की नाही याचा पत्ताच नसतो. पीएचपीयुनिट या चाचण्यांच्या साधनात असे फंक्शन तपासायला गेलात, तर चाचणी नापास होण्याऐवजी चाचण्यांची संपूर्ण फेरीच मधेच संपते. रांगेतील कामे उपसणाऱ्या, दीर्घकाळ चालणाऱ्या वर्कर प्रक्रियेत एक्झिट आले, तर एका कामासाठी आख्खा वर्कर बंद पडतो. शिवाय एक्झिटने सगळे जागच्या जागी गोठते. आवरसावर करणारा कोड चालतच नाही.

वाटाड्या

@सप्रेम_विरोध, शेवटचे वाक्य सोडून बाकीच्याशी सहमत आहे. एक्झिटनंतर सगळेच गोठत नाही. 'रजिस्टर_शटडाउन_फंक्शन'ने नोंदवलेली फंक्शने चालतात, ऑब्जेक्टांचे डिस्ट्रक्टर (ऑब्जेक्ट नष्ट होताना चालणारा कोड) चालतात, आउटपुट बफरमधला (पाठवण्याआधी साठवलेला) मजकूर बाहेर पडतो आणि सेशन लिहिले जाते. पीडीओचे (डेटाबेसशी बोलणाऱ्या पीएचपीच्या सोयीचे) अर्धवट ट्रान्झॅक्शन जोडणी बंद होताना मागे घेतले जाते. चालत नाही ते 'फायनली', म्हणजे 'ट्राय'मधले काम कसेही संपले तरी शेवटी चालायचा भाग. ट्रायच्या आत एक्झिट आले, तर त्याच्या फायनलीतली एकही ओळ चालत नाही. त्यामुळे 'काम चालू आहे' अशी खुणेची फाइल तयार करून ती फायनलीत पुसणारा कोड असेल, तर ती फाइल तशीच राहते आणि पुढची विनंती कायमची खोळंबते. तुमच्या मुद्द्याला हे उदाहरण अधिक बळ देते, पण एक्झिटवर नसलेला आरोप नको.

सप्रेम_विरोध

दुरुस्ती मान्य. आरोपपत्रातील एक कलम मागे घेतो, खटला चालू राहील.

कोरा_कागद

एक्झिटच्या जागी रिटर्न लिहा असा सल्ला देणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पीएचपीत रिटर्न फंक्शनच्या बाहेरही लिहिता येते, आणि तेव्हा त्याचा अर्थ तो कोणत्या फाइलीत लिहिला आहे यावर ठरतो. मुख्य फाइलीत लिहिला तर स्क्रिप्ट संपते. इन्क्लूड किंवा रिक्वायरने आणलेल्या फाइलीत लिहिला तर फक्त ती फाइल संपते आणि कंट्रोल जिथून ती आणली त्या ओळीच्या पुढे जातो. कॉन्फिगरेशनची फाइल ॲरे रिटर्न करते आणि इन्क्लूडची किंमत म्हणून तो ॲरे आपण व्हेरिएबलमध्ये घेतो, ती सोय याच नियमामुळे मिळालेली आहे.

आता लॉगिनची तपासणी एका वेगळ्या फाइलीत आहे आणि प्रत्येक पान तिला रिक्वायर करते, असे समजा. त्या फाइलीतले एक्झिट काढून कोणी सद्हेतूने रिटर्न लिहिले, तर तपासणीची फाइल शहाण्यासारखी संपेल आणि नोंद काढणारी क्वेरी पूर्वीसारखीच चालेल. अर्धविराम यांनी वर्णन केलेले भोक पुन्हा तिथेच, आणि या वेळी कोड वाचणाऱ्याला ते दिसणारही नाही, कारण रिटर्न पाहून त्याचे समाधान झालेले असेल.

जाता जाता: अशा फाइलीत रिटर्नच्या खाली एखादे फंक्शन लिहिलेले असेल, तर रिटर्न आधी आला तरीही ते फंक्शन बाहेर उपलब्ध असते.

अर्धविराम

@कोरा_कागद, आमच्याकडे तपासणीची सामाईक फाइल करावी असाच विचार चालू होता, त्यामुळे हे अगदी वेळेवर आले. धन्यवाद.

उलटतपासणी

ब्रेक आणि कंटिन्यू यांच्याविषयी अजून कोणी लिहिले नाही, आणि पीएचपीची खरी खोड तिथे आहे. पीएचपी 'स्विच'लाही लूप समजते. म्हणून स्विचमध्ये लिहिलेला कंटिन्यू हा ब्रेकसारखाच वागतो. फॉरईचमध्ये (यादीतल्या प्रत्येक नोंदीवर फिरणाऱ्या लूपमध्ये) स्विच आहे आणि एखाद्या केसमध्ये 'ही नोंद सोडून पुढची घे' या हेतूने कंटिन्यू लिहिला, तर कंट्रोल पुढच्या नोंदीकडे न जाता स्विचच्या खाली उतरतो आणि लूपमधला उरलेला कोड त्याच नोंदीवर चालतो. जावास्क्रिप्टमधून आलेल्या माणसाचा इथे हमखास घोटाळा होतो, कारण तिथे स्विचमधला कंटिन्यू थेट लूपला जाऊन भिडतो. पीएचपीत त्यासाठी 'कंटिन्यू २' लिहावे लागते, म्हणजे दोन कुंपणे ओलांडावी लागतात. २०१८ च्या अखेरीस आलेल्या ७.३ या आवृत्तीपासून स्विचमध्ये नुसता कंटिन्यू दिसला की पीएचपी इशारा देते आणि तुम्हाला 'कंटिन्यू २' म्हणायचे होते का, असेही विचारते. त्यापूर्वी मात्र ती निमूटपणे चुकीच्या ठिकाणी उतरवून देत असे.

या आकड्यांबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. 'ब्रेक २' लिहिलेल्या कोडमध्ये सहा महिन्यांनी कोणी आणखी एक लूप घातला, तर तो २ कोणीही बदलत नाही. आकड्याऐवजी व्हेरिएबल देण्याची सोय पूर्वी होती, ती ५.४ मध्ये काढून टाकली, हे फार बरे झाले. दोन कुंपणांतून बाहेर पडायची वेळ आली, की तो तुकडा वेगळ्या फंक्शनमध्ये काढून रिटर्न करावा. रिटर्नला कुंपणे मोजावी लागत नाहीत.

निरंतर_शिकाऊ

मग स्विच वापरावाच का? ८.० मध्ये 'मॅच' आले आहे असे वाचले.

उलटतपासणी

@निरंतर_शिकाऊ, किंमत निवडायची असेल तर मॅच नक्कीच सरस आहे. स्विच सैल तुलना करतो, म्हणजे दोन बरोबर-चिन्हांची. मॅच तीन चिन्हांची, प्रकारासह. ८.० च्या आधी शून्य आणि 'अबक' ही स्ट्रिंग सैल तुलनेत समान ठरत असत, आणि त्यामुळे 'केस ०' मध्ये कोणतीही अक्षरी स्ट्रिंग जाऊन पडू शकत होती. ८.० ने ती तुलना सुधारली, तरीही नल आलेला असताना स्विच आजही 'केस ०' मध्ये शिरतो. मॅचमध्ये एका शाखेतून दुसऱ्या शाखेत घसरणे नाही, त्यामुळे ब्रेक विसरण्याचा प्रश्न उरत नाही. आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे: कोणतीच शाखा जुळली नाही आणि डीफॉल्टही नाही, तर मॅच 'अनहँडल्ड-मॅच-एरर' फेकते. स्विच अशा वेळी काहीही न करता पुढे जातो, आणि काहीही न करता पुढे जाणे हाच तर या धाग्याचा विषय आहे.

मर्यादा अशी, की मॅचच्या शाखेत एकच एक्स्प्रेशन बसते. रिटर्न किंवा कंटिन्यू तिथे लिहिता येत नाही. थ्रो लिहिता येतो, कारण त्याच आवृत्तीत थ्रो हे एक्स्प्रेशन झाले.

काठावरचा

कोडमधल्या दुसऱ्या जागी थेट उडी मारणाऱ्या गोटूचे नाव अजून कसे निघाले नाही?

मूषकवाहन

२००९ च्या ५.३ मध्ये गोटू आले, आणि पीएचपीच्या अधिकृत माहितीपुस्तिकेने त्याच्या पानावर, गोटू वापरणाऱ्यावर डायनासोर झडप घालतो असे व्यंगचित्र लावले. सोय देणाऱ्यांनीच ते चित्र लावल्यावर आपण अधिक काय बोलणार? लूपच्या किंवा स्विचच्या आत उडी मारता येत नाही, एवढी तरी दया त्यांनी दाखवली आहे.

सप्रेम_विरोध

एक्सेप्शनची बाजू मांडतो. रिडायरेक्ट हवा असेल तिथे 'रिडायरेक्ट-एक्सेप्शन' फेकावे. ते सर्वांत बाहेरच्या फाइलीत एकाच ठिकाणी पकडावे, तिथे हेडर पाठवावे आणि तिथेच स्क्रिप्ट संपू द्यावी. मधल्या प्रत्येक फंक्शनमधली फायनली चालते, चाचणीत ते एक्सेप्शन आले का हे तपासता येते, आणि एक्झिटची गरजच राहत नाही. लाराव्हेल या फ्रेमवर्कमधले 'अबॉर्ट' नेमके हेच करते: ते स्क्रिप्ट संपवत नाही, एक्सेप्शन फेकते.

कोरा_कागद

तत्त्वतः सुंदर. परंतु अर्धविराम यांच्यासारख्या जुन्या प्रकल्पात जागोजागी ट्राय लिहून कॅचमध्ये (फेकलेले पकडणाऱ्या भागात) सरसकट 'एक्सेप्शन' पकडलेले असते आणि लॉगमध्ये एक ओळ टाकून कोड पुढे चालू ठेवलेला असतो. तुमचे रिडायरेक्ट-एक्सेप्शन वाटेतल्या पहिल्याच अशा कॅचमध्ये अडकेल आणि कंट्रोल पुन्हा नोंद काढण्याच्या क्वेरीपाशी येईल. एक्झिटला कोणतेही कॅच अडवू शकत नाही, हा त्याचा दुर्गुण मानला जातो. सुरक्षेच्या तपासणीत तोच गुण ठरतो.

वाटाड्या

@कोरा_कागद यांच्या मुद्द्याला दोन गोष्टींची जोड देतो.

एक: ७.० पासून टाइप-एरर (किमतीचा प्रकार न जुळल्याची चूक) आणि तत्सम चुका 'एरर' या वेगळ्या वर्गात गेल्या आहेत. 'एक्सेप्शन' आणि 'एरर' हे दोन्ही वर्ग 'थ्रोएबल'मध्ये मोडतात, पण एकमेकांत मोडत नाहीत. म्हणून एक्सेप्शन पकडणाऱ्या कॅचमधून टाइप-एरर सहीसलामत निसटतो. रिडायरेक्टसाठीचा वर्ग 'एरर'पासून काढला, तर तो जुन्या कॅचांतून निसटेल अशी युक्ती मी पाहिली आहे. चालते, पण वाचणाऱ्याची दिशाभूल करते. मला ती पसंत नाही.

दोन: फायनलीत रिटर्न लिहू नये. ट्रायमधून एक्सेप्शन फेकले गेले आहे, वर जायला निघाले आहे, आणि फायनलीत रिटर्न भेटला, तर ते एक्सेप्शन तिथेच विरून जाते. ना लॉग, ना इशारा. ट्रायमध्ये आधी रिटर्न झाला असेल, तर त्याची किंमतही फायनलीतला रिटर्न खाऊन टाकतो.

रिकामी_ओळ

बराच वेळ वाचत होते. एक वेगळी जागा सुचवते. जनरेटर. ज्या फंक्शनमध्ये कुठेही 'यील्ड' आहे, ते बोलावल्यावर त्याच्या शरीरातली एकही ओळ चालत नाही. फक्त जनरेटर ऑब्जेक्ट परत मिळते. पहिली किंमत मागितली जाते तेव्हा कोड सुरू होतो. त्यामुळे अशा फंक्शनच्या पहिल्याच ओळीवर परवानगीची तपासणी असेल आणि ती थ्रो करत असेल, तर तो थ्रो फंक्शन बोलावले त्या ओळीवर होत नाही, तर पुढे कुठेतरी फॉरईच सुरू होईल तेव्हा होतो. तोवर हेडर आणि अर्धे पान बाहेर पडलेले असू शकते. तपासणी साध्या फंक्शनमध्ये ठेवावी आणि त्या फंक्शनने आतला जनरेटर परत द्यावा. धाग्याचा प्रश्न 'कुठे थांबते' असा आहे, पण 'कुठे सुरू होते' हेही गृहीत धरू नये.

वाटाड्या

@रिकामी_ओळ, फार मोलाची भर. याचा विचार डोक्यात आला नव्हता.

टेम्प्लेटवाला

थोडे अवांतर. टेम्प्लेटमध्ये कंसांऐवजी इफ-कोलन आणि एंडइफ लिहिणाऱ्यांनी 'एल्सइफ' जोडूनच लिहावे. तोडून लिहिले तर कोलनच्या पद्धतीत पार्स-एरर येतो. आणि स्विच-कोलन व पहिल्या केसच्या मध्ये साधी मोकळी जागा जरी आउटपुट म्हणून गेली, तरी फाइल चालत नाही. नीट इंडेंट करणाऱ्यालाच शिक्षा देणारी ही भाषेतील एकमेव जागा असावी.

मूषकवाहन

एकमेव नाही, पण धागा भरकटेल म्हणून यादी देत नाही.

रिकामी_ओळ

सप्रेम_विरोध यांनी फ्रेमवर्कचा उल्लेख केला म्हणून लिहिते. फ्रेमवर्कमध्ये गेल्याने अर्धविराम यांचा प्रश्न सुटतो असे नाही, त्याचे रूप बदलते. लाराव्हेलमध्ये 'रिडायरेक्ट' हे फंक्शन केवळ एक रिस्पॉन्स ऑब्जेक्ट तयार करून देते. कंट्रोलरमध्ये त्याच्या आधी रिटर्न लिहायचे राहिले, तर ते ऑब्जेक्ट तयार होते, टाकून दिले जाते आणि खालचा कोड चालतो. इथे तर रिडायरेक्टही होत नाही. निदान चूक लगेच दिसते, एवढाच काय तो फायदा.

काठावरचा

रिडायरेक्टनंतर कोड चालणे नेहमीच वाईट असते का? पीएचपी-एफपीएमवर (सर्व्हरवर पीएचपी चालवण्याची एक पद्धत) 'फास्टसीजीआय_फिनिश_रिक्वेस्ट' बोलावून वापरकर्त्याला उत्तर देऊन मोकळे करतात आणि ईमेल पाठवण्यासारखे काम मागाहून करतात. तिथे कंट्रोल पुढे जाणे हाच उद्देश असतो.

वाटाड्या

@काठावरचा, बरोबर आहे, मात्र त्यासाठी सेशन आधी 'सेशन_राइट_क्लोज'ने बंद करावे. नाहीतर सेशनच्या फाइलीवरील कुलूप मागचे काम संपेपर्यंत सुटत नाही आणि त्याच वापरकर्त्याची पुढची विनंती ताटकळत राहते.

उलटतपासणी

मूळ प्रश्नाला व्यवहार्य उत्तर द्यायचे तर ८.१ मध्ये आलेला 'नेव्हर' हा रिटर्न-प्रकार पाहावा. रिडायरेक्ट करणारे एकच फंक्शन लिहावे, आत हेडर आणि एक्झिट ठेवावे आणि रिटर्न-प्रकार नेव्हर द्यावा. नेव्हरचे वचन असे, की हे फंक्शन परत येणार नाही: ते एक्झिट करील, थ्रो करील किंवा अनंत लूपमध्ये राहील. उद्या कोणी आतले एक्झिट काढून टाकले आणि फंक्शन शेवटापर्यंत पोहोचून परत येऊ लागले, तर पीएचपी त्याच जागी टाइप-एरर फेकते. म्हणजे चुकून उघडे राहिलेले दार आपोआप बंद होते. त्यात रिटर्न लिहिला तर फाइल कंपाइलच होत नाही. पीएचपीस्टॅनसारखी, कोड न चालवता तपासणारी साधनेही नेव्हर वाचतात आणि त्या कॉलच्या खाली चुकून लिहिलेला मृत कोड दाखवून देतात.

एक्झिटवरचा सप्रेम_विरोध यांचा मुख्य आक्षेप, बोलावणाऱ्याला पत्ता नसतो हा, यामुळे बराचसा निकालात निघतो, कारण आता ते फंक्शनच्या सहीतच (नाव आणि प्रकार सांगणाऱ्या ओळीत) लिहिलेले आहे.

सप्रेम_विरोध

फायनलीचा आक्षेप उरतोच. परंतु फ्रेमवर्क नसलेल्या, शेकडो पानांच्या प्रकल्पासाठी हा मार्ग मी स्वीकारीन. पुढे आतील एक्झिटच्या जागी थ्रो आणायचा ठरला, तरी सही नेव्हरच राहील आणि बोलावणाऱ्या पानांना हात लावावा लागणार नाही.

अर्धविराम

सर्वांचे आभार. प्रकल्प ८.२ वर आहे, त्यामुळे नेव्हर वापरता येईल. एकच शंका उरते. काही पानांच्या सुरुवातीला, पीएचपीच्या टॅगच्या आधी, रिकामी ओळ आहे. विकासाच्या मशीनवर हेडर जाते, पण दुसऱ्या सर्व्हरवर 'हेडर्स ऑलरेडी सेंट' असा इशारा येतो. अशा पानांवर हे फंक्शन काय करील?

वाटाड्या

विकासाच्या मशीनवर 'आउटपुट_बफरिंग' बहुधा ४०९६ असेल; पीएचपीसोबत येणाऱ्या नमुना आयएनआय (सेटिंगच्या) फाइलींत तेच लिहिलेले असते. त्यामुळे ती रिकामी ओळ बफरमध्ये थांबते आणि हेडरला वाट मिळते. दुसऱ्या सर्व्हरवर बफरिंग बंद असणार. तिथे हेडर अयशस्वी होते, केवळ इशारा देते आणि परत येते. एक्झिट नसते, तर लॉगिन न केलेल्या माणसाला ब्राउझरमध्येच संपूर्ण संरक्षित पान दिसले असते. एक्झिट असल्यामुळे त्याला कोरे पान दिसेल आणि क्वेरी चालणार नाही.

फंक्शनमध्ये आधी 'हेडर्स_सेंट' तपासा. ते सत्य असेल तर लॉगिनची साधी लिंक छापा. त्या फंक्शनला दोन व्हेरिएबल दिली तर आउटपुट कोणत्या फाइलीत, कोणत्या ओळीवर सुरू झाले हेही ते भरून देते, ते लॉगमध्ये टाका. एक्झिट मात्र दोन्ही शाखांच्या खाली, इफच्या बाहेर ठेवा.